नोकरी खाणाऱ्याचेच मालक होऊ या?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ४१ वर्षांची, हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. नवरा ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, मुलगी नववीत आहे. सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, गेल्या दिवाळीत कराडजवळची पाऊण एकर जमीन विकली. त्यातले २४ लाख त्यांनी माझ्या खात्यात टाकले आणि म्हणाले, "तुला बँकेतलं कळतं, तूच बघ काय ते." सध्या त्याची एफडी केली आहे.

माझ्या टीममधल्या एका मुलाने २०२३च्या सुरुवातीला एनव्हिडियाचे, म्हणजे एआयला लागणाऱ्या चिप बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे शेअर घेतले होते. जेवायला बसलो की तो फोन पुढे करून आकडा दाखवतो आणि माझा घास तिथेच अडकतो. इकडे नवऱ्याने मला न विचारता टेलिग्रामवरच्या एका ग्रुपचं ऐकून एका छोट्या भारतीय 'एआय' कंपनीत ३ लाख घातले. त्याचे आज १ लाख ८० हजार दिसतात. माझ्याकडे आमच्याच कंपनीचे साधारण ५ लाखांचे शेअर आहेत.

ऑफिसात रोज एकच विषय असतो, एआयमुळे टेस्टिंगची कामं जाणार. मग मनात येतं, नोकरी खाणारच असेल तर निदान त्या खाणाऱ्याचे मालक तरी होऊ या. अप्पांचे २४ लाख सगळे अमेरिकेतल्या एआय शेअरमध्ये घालू का? की हा फुगा आहे? आपली बस चुकतेय असं सारखं वाटतं.

— बस चुकलेली, वाकड

उत्तर

ताई,

'खाणाऱ्याचे मालक होऊ या' हा तुमचा हिशेब मला आवडला. यूट्यूबवर सकाळ-संध्याकाळ जे चालतं त्यापेक्षा तो बराच शहाणा आहे. म्हणून आधी तोच तपासू.

ज्याच्यामुळे आपलं नुकसान व्हायची भीती, त्याच्यातच थोडा वाटा घेऊन ठेवायचा, हा एका परीने विमा झाला. आणि तुमची भीती उगाच नाही. जुलै २०२५मध्ये टीसीएसने २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. कंपनी म्हणाली, कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही. ज्याची नोकरी जाते त्याला या दोन्हींतला फरक समजावून सांगणं अवघड असतं.

पण तुमच्या विम्यात एक खोट आहे. तुमच्या घराला दोन प्रकारची आग लागू शकते आणि हा विमा त्यातल्या एकाच आगीचा आहे. एआय भरभरून चाललं, टेस्टिंगची कामं गेली, अमेरिकन शेअर वर गेले, तर विमा वटला. आता दुसरी आग बघा. अमेरिकेत एआयचा बाजार आपटला, तिथल्या कंपन्यांनी हात आखडता घेतला, तर पहिली कात्री कुठे लागते? बाहेर दिलेल्या कामांवर. २००१ साली हेच झालं. ऑफर लेटर हातात असलेल्या पोरांच्या रुजू व्हायच्या तारखा पुढे पुढे ढकलल्या गेल्या आणि बेंचवर, म्हणजे कामाविना बसलेली माणसं वाढत गेली. तेव्हा तुम्ही शाळेत असाल, तुमच्या सिनिअर मॅनेजरला विचारा, तो सांगेल. अशा वेळी तुमची नोकरी डळमळते, कंपनीचे ५ लाखांचे शेअर उतरतात आणि अप्पांचे २४ लाखही उतरतात, सगळं एकाच महिन्यात. ज्या दिवशी पैशाची खरी गरज पडेल नेमक्या त्याच दिवशी तो निम्मा झालेला असेल.

आता फुग्याचं. हा शब्द वापरताना तुम्ही दोन प्रश्न एका गाठोड्यात बांधता. एआय खरं आहे का, हा एक. आणि आजच्या भावाने घेतलेला शेअर मला पैसे मिळवून देईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' असताना दुसऱ्याचं 'नाही' निघालेलं मी पाहिलं आहे.

सिस्को नावाची कंपनी तुम्हाला माहीत असणारच, तुमच्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये तिचे डबे लुकलुकत असतील. इंटरनेट चालवायला लागणारे राउटर आणि स्विच ही कंपनी बनवते. आज एनव्हिडियाच्या चिपबद्दल जे ऐकू येतं, अगदी तेच १९९९मध्ये सिस्कोबद्दल बोललं जाई. कोणती वेबसाइट चालेल, कोणती बुडेल सांगता येत नाही, पण लग्न कुणाचंही असो, मांडववाल्याचे पैसे ठरलेलेच. मार्च २०००मध्ये शेअर ८० डॉलरला पोचला आणि बाजारमूल्यात ती काही दिवस जगातली सगळ्यांत मोठी कंपनी होती. ऑक्टोबर २००२मध्ये तोच शेअर १० डॉलरच्या खाली आला.

बरं, लोकांचा अंदाज चुकला होता का? इंटरनेट आलं नाही का? आलं, आणि लोकांना वाटलं होतं त्यापेक्षा मोठं आलं. सिस्कोही बुडाली नाही. २००० साली तिची वर्षाची विक्री १९ अब्ज डॉलरच्या जवळ होती, २०२४मध्ये ती ५४ अब्जांच्या जवळ गेली. माल खपला, नफा झाला, मधल्या काळात लाभांशही सुरू झाला. आणि शेअरचा भाव ८० डॉलरवर परत कधी आला? डिसेंबर २०२५मध्ये. मार्च २०००ला ज्याने तो घेतला त्याचं मूल तेव्हा पाळण्यात असेल, तर ते आता नोकरीला लागलं असेल. चूक कंपनीची नव्हती, भावाची होती. कंपनी एका वर्षात जेवढा नफा कमवत होती त्याच्या शंभरपटीहून जास्त पैसे लोक मोजत होते.

एनव्हिडिया म्हणजे सिस्को नव्हे, हेही सांगून टाकतो, नाहीतर मी भीती विकायला बसलोय असं होईल. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात तिची विक्री १३० अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा ७३ अब्जांच्या आसपास होता. दोनच वर्षं आधी विक्री होती २७ अब्ज. हे आकडे कागदी नाहीत, माल जातोय आणि रोकडा येतोय. मला खुपतं ते वेगळंच. हा माल घेतो कोण? मोठं गिऱ्हाईक मोजकं आहे. मायक्रोसॉफ्ट, गूगल, ॲमेझॉन आणि मेटा या चौघांनी मिळून २०२५मध्ये साडेतीनशे अब्ज डॉलरहून अधिक भांडवली खर्च केला, त्यातला मोठा भाग डेटा सेंटरवर. त्यांचा खर्च तीच चिपवाल्यांची कमाई. उद्या चौघांपैकी दोघांनी 'यंदा जरा थांबतो' म्हटलं तरी मांडववाल्याचा हंगाम गेला.

त्यातच सप्टेंबर २०२५मध्ये एनव्हिडियाने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला. ओपनएआय त्यातून डेटा सेंटर उभारणार आणि तिथे चिप बसणार एनव्हिडियाच्या. तुळशीबागेतल्या दुकानदाराने गिऱ्हाईकाच्या हातात स्वतःच पैसे ठेवायचे आणि संध्याकाळी म्हणायचं, आज काय विक्री झाली हो! हे बेकायदा नाही, दरवेळी वाईटही नसतं. पण १९९९-२०००मध्ये ल्युसंटसारख्या कंपन्या टेलिफोन कंपन्यांना उधारी देऊन आपलीच यंत्रं विकत होत्या, आणि ती गिऱ्हाइकं बुडाल्यावर काय झालं ते ज्यांनी पाहिलं त्यांना हे वाचताना जरा खाजतं.

एक गोष्ट सांगतो, थोडी आडवळणाची आहे. त्याच तेजीत जगभरच्या समुद्रांत फायबरच्या केबल टाकल्या गेल्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पैसा अर्थातच भागधारकांचा आणि कर्ज देणाऱ्यांचा. मग एकामागून एक कंपन्या झोपल्या. ग्लोबल क्रॉसिंगने जानेवारी २००२मध्ये दिवाळखोरी मागितली, फ्लॅग टेलिकॉमने त्याच वर्षी. पण केबल समुद्रातच राहिल्या! फ्लॅग २००३मध्ये रिलायन्सने २० कोटी ७० लाख डॉलरला घ्यायचं ठरवलं. टायको कंपनीने अब्जावधी डॉलर ओतून पसरलेलं ६० हजार किलोमीटरचं जाळं टाटांच्या व्हीएसएनएलने अवघ्या १३ कोटी डॉलरमध्ये उचललं. हे म्हणजे बंगला बांधणाऱ्याने दारं-खिडक्यांच्या भावात बंगला विकण्यासारखं. बँडविड्थ स्वस्त झाली, पुणे-बंगळुरूहून अमेरिकेचं काम करणं परवडू लागलं आणि हिंजवडीत एकावर एक टॉवर चढले. तुमच्या पगारात त्या बुडालेल्या भागधारकांचाही हातभार आहे.

आजच्या डेटा सेंटरचं असंच होईल असं मी म्हणत नाही. चिप काही केबलसारखी वीस वर्षं टिकत नाही, तीन-चार वर्षांत नवीन पिढी आली की जुनी मागे पडते, म्हणजे मागून येणाऱ्याला तेवढं स्वस्त घबाडही मिळणार नाही. माझा मुद्दा एवढाच की तंत्रज्ञानाचा फायदा होतो तेव्हा तो पहिल्या भागधारकालाच होतो असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. तो वापरणाऱ्याला होऊ शकतो, मागून येणाऱ्याला होऊ शकतो, तुमच्यासारख्या नोकरदारालाही होऊ शकतो.

माझंही ऐकून घ्या. २००० साली मी ठाण्यात बँकेत ऑफिसर होतो. घरदुरुस्तीसाठी म्हणून पीएफमधून ६२ हजार काढले आणि स्टेशनजवळच्या सब-ब्रोकरकडे जाऊन एका सॉफ्टवेअर कंपनीचे ३०० शेअर घेतले. कंपनी काय करते ते मला ठाऊक नव्हतं, नावाच्या शेवटी 'सॉफ्ट' होतं एवढं पुरे होतं. ब्रोकरच्या खोलीत इतकी गर्दी असायची की कटिंग चहाचा ग्लास डोक्यावरून पास व्हायचा. दोन महिन्यांत त्याचे सव्वा लाख झाले. मी विकले नाहीत, कारण ब्रोकरकडचा एक पोरगा म्हणाला होता, "साहेब, अजून तर ट्रेलर आहे." पुढच्या वर्षी केतन पारेख या दलालाचा शेअर घोटाळा बाहेर आला तोवर माझ्या शेअरला गिऱ्हाईकच उरलं नव्हतं. त्या शेअरचे बाजारातले व्यवहार केव्हाच बंद पडले, पण माझ्या डीमॅट स्टेटमेंटमध्ये ती ओळ आजही येते. नाव, संख्या ३००, आणि किमतीच्या रकान्यात ०.००. खात्याचे वार्षिक चार्जेस मी भरतो, म्हणजे त्या शून्याची राखणही मीच करतो. आमची ही त्याला 'तुमचं स्मारक' म्हणते. त्या आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात छतातून गळणाऱ्या पाण्याखाली बादली ठेवायचं काम तिच्याकडे होतं, त्यामुळे तिला तेवढा हक्क आहे.

आता तुमच्या टीममधला मुलगा. त्याचा हेवा करू नका आणि त्याला मूर्खही ठरवू नका. पण त्याने कधी घेतला ते बघा. नोव्हेंबर २०२१ ते ऑक्टोबर २०२२ या काळात एनव्हिडियाचा शेअर जवळजवळ दोन तृतीयांश घसरला होता. त्याने त्या पडझडीनंतर घेतला, तुम्ही विचारताय ते कंपनी ५ लाख कोटी डॉलरची होऊन गेल्यावर. शिवाय त्याने किती घातले होते? एकदा विचारा. बहुतेक वेळा फोनवर टक्के दाखवतात, रुपये नाही.

आणि एक रात्र डोळ्यांसमोर आणा. सोमवार, २७ जानेवारी २०२५. चीनच्या डीपसीकने कमी खर्चात चांगलं मॉडेल बनवल्याची बातमी पसरलेली. आपल्याकडे रात्रीचे आठ, म्हणजे अमेरिकेचा बाजार उघडायची वेळ. त्या एका दिवसात एनव्हिडिया १७ टक्के पडला, बाजारमूल्यातले ५८९ अब्ज डॉलर गेले. अमेरिकेच्या इतिहासात एका कंपनीने एका दिवसात इतकं कधी गमावलं नव्हतं. अप्पांचे २४ लाख तिथे असते तर तुम्ही कुकर उतरवेपर्यंत चार लाख गेले असते. काही महिन्यांत भाव परत वर आला, हे खरं. पण त्या रात्री तुम्ही विकलं नसतं का? आणि दुसऱ्या दिवशी अप्पांचा फोन आला असता तर काय सांगितलं असतं?

म्हणून माझं उत्तर असं आहे. अप्पांच्या पैशातला एक रुपयाही एआयच्या शेअरमध्ये घालू नका. आणि एआयचा विमा मात्र जरूर काढा, पण त्याचा हप्ता तुमच्या कंपनीच्या ५ लाखांच्या शेअरमधून भरा.

पगार ज्या कंपनीतून येतो तिचेच शेअर सांभाळून ठेवणं ही तुमच्या पत्रातली सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. ते शेअर टप्प्याटप्प्याने विका. वर्षाहून जास्त काळ ठेवले असतील तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. काही मार्चआधी, काही एप्रिलनंतर विकले तर ही सवलत दोनदा वापरता येईल. त्यातले तीन-साडेतीन लाख वर्षभरात हप्त्याहप्त्याने अमेरिकन टेककडे वळवा. एआयने तुमचं काम खाल्लं तर तुमच्या कंपनीचे शेअर पडतील आणि हे चढतील, तुम्हाला हवा होता तो विमा हाच. दोन्ही पडले तर घर त्यावर अवलंबून नाही.

एकच एक कंपनी घेऊ नका, नॅस्डॅक १०० किंवा एस अँड पी ५०० सारखा निर्देशांक घ्या, म्हणजे यादीतल्या सगळ्या कंपन्या थोड्या थोड्या घेणारा फंड. एआयचं खूळ त्यातही पुरेसं आहे. एस अँड पीतल्या ५००पैकी वरच्या सात टेक कंपन्यांचंच वजन एक तृतीयांशाच्या घरात आहे.

कुठून घ्यायचं, यात थोडी कटकट आहे. आपल्याकडच्या म्युच्युअल फंडांना परदेशात पैसे लावायला सगळ्यांना मिळून ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, त्यामुळे काही योजना नवे पैसे घेणं मधूनमधून बंद करतात. ईटीएफ, म्हणजे शेअरसारखे विकले जाणारे फंड, बाजारात मिळतात, पण नवीन युनिट तयार होत नसल्याने मागणी वाढली की ते खऱ्या मूल्यापेक्षा महाग विकले जातात. घेण्याआधी फंडाच्या साइटवर 'आयनॅव्ह', म्हणजे युनिटचं त्या घडीचं खरं मूल्य, बघा. तिथे १०० लिहिलं असेल आणि बाजारात ११२ला मिळत असेल, तर वरचे १२ रुपये तुम्ही घाईचे भरताय. दुसरी वाट म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून डॉलर पाठवून थेट अमेरिकेत घेणं. वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, पण १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते (ही तुमच्या धंद्यातली कंपनी नव्हे, आगाऊ घेतला जाणारा कर). २४ लाख एकदम पाठवले असते तर २ लाख ८० हजार आधी तिथेच अडकले असते, विवरणपत्र भरल्यावर वळते झाले असते, पण तोवर अडकलेच. तीन लाखांना हा प्रश्नच येत नाही.

थेट घेतलंत तर सीएला आठवणीने सांगा. अमेरिकेतल्या लाभांशातून तिथेच २५ टक्के कापले जातात, त्याची वजावट इथे मागावी लागते. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के, आधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, शेअर एकच असला तरी. ऑफिसातली पोरं 'इतक्या थोड्या पैशाला कोण विचारतं' म्हणतात. काळ्या पैशाच्या कायद्यात हा तक्ता न भरण्याचा दंड १० लाख रुपये आहे. अलीकडे लहान रकमांना यातून सूट दिली आहे, पण त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका.

अप्पांच्या २४ लाखांबद्दल करातली एक खाच तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही. सासऱ्यांनी सुनेला भेट दिली तर भेटीवर कर नाही. पण त्या पैशावर जे उत्पन्न होईल, एफडीचं व्याज असो की शेअरचा नफा, ते कायद्याने सासऱ्यांच्या उत्पन्नात धरलं जातं, तुमच्या नाही. अप्पांचं स्वतःचं उत्पन्न कमी असेल तर यात तोटा नाही, उलट फायदाच आहे, पण ते त्यांच्या विवरणपत्रात दिसायला हवं. मुलाला भेट दिली असती तर हा प्रश्न आला नसता. म्हणजे कायदा सांगतो, पैसे नवऱ्याच्या नावावर ठेवा. तुमचं पत्र वाचून मात्र मी म्हणेन, टेलिग्राम काढून टाकेपर्यंत नको.

त्यापेक्षा सोपं सांगू? त्यातले १५ लाख अप्पांना परत करा आणि त्यांच्याच नावाने पोस्टात सीनिअर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीममध्ये ठेवा. एप्रिल २०२३पासून तिथे ८.२ टक्के व्याज चालू आहे, दर तीन महिन्यांना ३० हजार ७५० रुपये त्यांच्या खात्यात येतील. जमीन गेलेल्या माणसाला दर तिमाहीला काहीतरी 'येतंय' हे दिसणं फार मोठं असतं. शेतीत पीक निघायचं तसंच ते. उरलेले ९ लाख तुमच्या घराचा वर्षभराचा खर्च म्हणून साध्या एफडीत राहू द्या. बँक मोडली तर प्रत्येक बँकेत प्रत्येकी ५ लाखांपर्यंतचाच विमा असतो, तेव्हा दोन बँकांत ठेवा. पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून नेऊ नका, तिथे हा विमा नाही. टेस्टिंग सोडून दुसरं काही शिकायची वेळ आलीच तर हे ९ लाख तुम्हाला वर्षभराची उसंत देतील. तेवढी उसंत कुठल्याही शेअरपेक्षा तुमच्या जास्त कामाची आहे.

मिस्टरांचं. त्यांच्याशी भांडू नका, मी ३०० शेअरवाला आहे, माझी बाजू त्यांच्याकडेच झुकणार. फिजिक्सचे शिक्षक आहेत ना, मग त्यांना एक प्रयोग द्या. त्या कंपनीचा वार्षिक अहवाल एक्सचेंजच्या साइटवर फुकट मिळतो. त्यात चार गोष्टी शोधायला सांगा: कर्मचारी किती, विक्री कशाची, वर्षभरात हातात आलेली रोकड किती आणि कंपनीचं जुनं नाव काय होतं. नावात नवा शब्द घातला तर निम्मी विक्री तरी त्याच धंद्यातून हवी, असा शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा नियम आहे, तो २०००च्या धड्यातूनच आला. शेअर एक्सचेंजच्या निगराणी यादीत, म्हणजे एएसएम किंवा जीएसएममध्ये आहे का तेही पाहायला सांगा. एवढं करून त्यांना स्वतःला ठेवावासा वाटला तर ठेवू देत. नाही वाटला तर विकून टाकावा, तोटा विवरणपत्रात दाखवला तर पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. फक्त 'पडलेल्या भावात घेऊन सरासरी खाली आणू' म्हणून आणखी घेऊ नयेत. आणि त्या ग्रुपने आता ऑप्शन शिकवायला घेतलं असेल तर सेबीचाच हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. २०२४-२५मध्ये फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९१ टक्के तोट्यात गेले, एकूण १ लाख कोटी रुपयांहून जास्त.

बस चुकण्याचं म्हणाल, तर पुण्यात राहून तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे. पीएमपीएमएलची एक बस गेली की दुसरी कधी येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. बाजार तसा नाही, तिथे दर महिन्याच्या पगाराला एक बस सुटते. निफ्टीच्या साध्या फंडात एसआयपी चालू नसेल तर ती याच महिन्यात करा, जमेल तेवढ्याची.

एक राहिलं. "तूच बघ" असं अप्पा म्हणाले ते जमीन विकल्यानंतरच्या दिवसांत. त्या शब्दांचा अर्थ 'हवं तिथे लाव' असा होतो की 'नीट सांभाळ' असा, हे त्यांना विचारलंय का? आणि घरात नणंद असेल, जमीन वडिलोपार्जित असेल, तर तिच्या वाट्याचं काय ठरलंय? २००५पासून मुलीचाही बरोबरीचा हक्क आहे, आणि हे प्रश्न पैसे वाढल्यावर किंवा बुडाल्यावर निघण्यापेक्षा आत्ता निघालेले बरे. फोनवर नको. या शनिवारी-रविवारी कराडला जा, जेवणं झाल्यावर ओसरीवर बसा आणि कागदावर १५ आणि ९ असे दोन आकडे लिहून त्यांच्यापुढे ठेवा. ते काय म्हणाले ते मला कळवा. आणि कंपनीचे शेअर विकण्याआधी तुमच्या एचआरचा नियम बघा, तिमाही निकालांच्या सुमारास काही दिवस विकायला बंदी असते.